सोयरसुतक आहे

ज्याच्या पायऱ्या उतरताना माणसाची मान आपोआप खाली होते, त्या कळंबच्या चिंतामणीला पहिला नमस्कार. वाणीची अधिष्ठात्री जी शारदा, तिला दुसरा. आणि ज्यांनी मला अक्षराची ओळख करून दिली त्या गुरुजनांना तिसरा. आज चतुर्थी. दर्शन घेऊन आताच परतलो आहे. लेखणी हाती घेण्याचे निमित्त मात्र दर्शन नव्हे, नारळ आहे.

पांढरकवड्याच्या पुढे, महामार्ग सोडून रानाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक रपटा आहे. नाल्याला पूर आला की ज्याच्या डोक्यावरून पाणी जाते अशा ठेंगण्या पुलाला आमच्याकडे रपटा म्हणतात. या रपट्याच्या तोंडाशी हल्ली ट्रकवाले गाडी थांबवतात, खाली उतरतात, नारळ फोडतात आणि मगच पुढे जातात. का, म्हणून विचारले तर सांगतात, "सुतकी रपटा हाय ना, बाप्पा!" आणि त्या रपट्याशी माझ्या घराचा काही संबंध आहे एवढे कोणीतरी पसरवून ठेवल्यामुळे लोक मला विचारतात, "गुरुजी, तिथं मेलं कोण?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या बाकावर विचारतात. आज तर प्रत्यक्ष देवाच्या रांगेत, हातात दूर्वा धरलेल्या एका गृहस्थांनी विचारले.

कोणीही मेलेले नाही. ते सुतक माझ्या जावयांचे होते आणि ते मृत्यूचे नव्हते. हे एकदाचे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगण्याच्या त्रासातून सुटेन.

माझे जावई पांढरकवड्याला बांधकाम खात्यात वरच्या श्रेणीतले अभियंता होते. मूळचे फुलसावंगीच्या शेतकरी घरातले, स्वभावाने सरळ, बोलण्यात मोजके. जावयाला आमच्याकडे एकेरी हाक मारीत नाहीत आणि त्यांच्यावर आवाजही चढवीत नाहीत. या दोन नियमांपैकी पहिला मी आजवर अखंड पाळला आहे.

त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना एक दिवस ते यवतमाळला माझ्या घरी आले होते, आणि त्यांच्या पाठोपाठ एक ठेकेदार मिठाईचा पुडा घेऊन आला. तो माझा जुना विद्यार्थी. शाळेत विभक्ती चालवताना तो नेहमी चतुर्थीपाशी अडखळत असे. देण्याची विभक्ती त्याला काही केल्या येत नसे. मोठेपणी मात्र त्या विभक्तीत तो चांगला तयार झाला होता.

"गुरुजी," तो सतरंजीवर मांडी घालून म्हणाला, "साहेब रिटायर होऊन राह्यले. घरी बसून काय करतीन? मी म्हटलं, आमच्याकडं या. सल्लागार म्हणून. खुर्ची हाय, गाडी हाय, मान हाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मी कशाला हो म्हणू? नोकरी माझी आहे का?"

"साहेब तुमचा शब्द मोडत नाहीत ना."

जावईबापू कपातल्या चहाकडे असे पाहत होते, जणू त्याची खोली मोजायची आहे.

"सध्या तुझे काम कोठे चालले आहे?" मी विचारले.

"तोच तर. रानातला रपटा. पुरा झाला. आता फक्त पाहणी व्हायची हाय."

"पाहणी कोण करणार?"

"साहेबच की!" असे म्हणून तो मोकळेपणाने हसला.

त्याच्या हसण्यात कपट नव्हते, हे येथे नमूद करणे मला न्याय्य वाटते. आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य यांत त्याला काही विसंगत दिसलेच नाही. उद्या ज्याच्या अंगणात बसायचे त्याच्या कामाला आज गुण द्यायचे, यात त्याला उलट आपलेपणा वाटला असावा. मी पुड्यातला एक पेढा देवापुढे ठेवला आणि बाकीचा पुडा त्याच्या पिशवीत परत घातला. "गुरुजी अजून तसेच हायेत," असे पुटपुटत तो गेला.

तो गेल्यावर मी विचारले, "जावईबापू, हे तुम्ही आपल्या मोठ्या साहेबांना सांगितले आहे ना?"

"काय सांगायचं, मामाजी? अजून काही ठरलंच नाही."

"पण बोलणे चालले आहे."

"बोलणं म्हणजे... ते म्हणाले, या. मी नाही म्हटलं नाही."

"म्हणजे हो म्हणालात?"

"तसंही नाही."

नियम काही मी शोधून काढलेला नव्हता. निवृत्तीनंतर ठराविक मुदतीच्या आत खासगी नोकरी धरायची तर त्या श्रेणीच्या अधिकाऱ्याने शासनाची परवानगी आधी घ्यावी. आणि ज्याचे काम आपल्या हाती आहे त्याच्याशी आपले हित गुंतत असेल तर वरिष्ठांना सांगून त्या कामातून बाजूला व्हावे, एवढे साधे ते सूत्र. हे जावईबापूंनीच मला पूर्वी कधीतरी, दुसऱ्या कोणावर टीका करताना समजावून सांगितले होते. दुसऱ्याच्या बाबतीत नियम किती स्वच्छ दिसतात!

"सगळं भविष्यकाळात आहे, मामाजी," ते म्हणाले. "झालं की सांगू."

आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसापुढे काळाचा आधार घेऊ नये. मी म्हणालो, "जे अगदी जवळ येऊन ठेपले आहे ते वर्तमानकाळात बोलण्याची मुभा संस्कृतात आहे. मराठी तर त्याच्याही पुढे गेली आहे. पाहुणा दारात ताटकळत असतो आणि घरातला माणूस कोपऱ्यात चप्पल शोधत ओरडतो, 'आलो, आलो!' अजून उंबऱ्यापर्यंतही आलेला नसतो, पण बोलतो भूतकाळात. तुमची ही नोकरीसुद्धा चप्पल शोधत 'आलो, आलो' म्हणते आहे, जावईबापू."

जावईबापू मनापासून हसले. "वा, मामाजी!" म्हणाले. उदाहरणाला दाद दिली आणि पांढरकवड्याला निघून गेले. माझ्या सगळ्या अध्यापनाचे फळ हेच: उदाहरण आवडते, स्वाध्याय कोणी करीत नाही.

पुढचे काही आठवडे मी दूरध्वनीवरून तोच एक प्रश्न विचारीत राहिलो. माझ्या तगाद्याला कंटाळून अखेर त्यांनी कचेरीत चौकशी केली. आस्थापनेच्या बाबूने त्यांच्या हाती दरवर्षी भरायचे मालमत्तेचे विवरणपत्र ठेवले. त्यात घर, शेत, सोने, वाहन, बायकोच्या नावचे, मुलांच्या नावचे, सगळे रकाने होते. पुढे मिळणाऱ्या खुर्चीचा रकाना नव्हता. जावईबापूंनी "पण प्रकटीकरण कुठं करायचं?" असे विचारले तेव्हा तो बाबू म्हणाला म्हणे, "साहेब, प्रकट तर महाराज होतात. तुम्ही कायले प्रकट होता?"

"रकानाच नाही, मामाजी. लिहू कुठं?" जावईबापूंच्या आवाजात सुटकेचा आनंद होता आणि तो मला तारेतूनही ऐकू आला.

"तोंडाने सांगा."

त्यांनी तेही केले, हे कबूल केले पाहिजे. मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी सुरुवात केली, आणि मोठ्या साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. "हे मला सांगू नका. तुम्ही सांगितलं की मला कळलं, आणि मला कळलं की मला काहीतरी करावं लागेल. पाहणी होऊन जाऊ द्या. मग निवांत सांगा."

हे ऐकून मी हताश झालो. लग्नघरी एखाद्या भाऊबंदाच्या निधनाची वार्ता येते तेव्हा शहाणेसुरते लोक काय करतात, हे आपण पाहिलेले आहे. निरोप्याला गोठ्याकडे नेऊन चहा पाजतात आणि अक्षता पडेपर्यंत त्याचे तोंड बंद ठेवतात, कारण सुतक कळल्यापासून लागते. मोठ्या साहेबांनी शासनाचे कामकाज त्या लग्नघराच्या पातळीवर आणून ठेवले होते.

माझी मुलगी यात कोणाच्या बाजूची होती, हे तिने लपवले नाही. "बाबा, जाऊ द्या हो यांना त्या नोकरीला. एका सुट्टीच्या दिवसात हे माझे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवतात आणि मला फोडणी देताना हळद सापडत नाही. कायमचे घरी बसले तर माझं काय होईल, याचा विचार केलात का?"

"जाऊ नका असे मी म्हणतच नाही, बाई. सांगून जा म्हणतो."

"सांगितलं तर पाहणी काढून घेतील. पाहणी गेली की तो ठेकेदार कशाला विचारतोय?"

"म्हणजे त्याला तुझा नवरा हवा आहे की पाहणी हवी आहे, हे तुलाही कळले आहे."

 ती म्हणाली, "तुमच्याशी बोलताना माणसाला आपलंच बोलणं महागात पडतं," आणि फोन ठेवला.

पाहणीचा दिवस ठरला. त्याआधी एक चतुर्थी येत होती. जावईबापूंनी कळंबला अभिषेक सांगितला होता. निवृत्ती निर्विघ्न पार पडावी हा संकल्प. ते दोघे पांढरकवड्याहून येणार होते. मी यवतमाळहून, शेजारच्या मिस्त्रींच्या जीपने. मिस्त्री माझ्याच वयाचे, ट्रकदुरुस्तीचे गॅरेज आता मुलांच्या हाती सोपवून स्वतः नमाज आणि जीप या दोनच गोष्टी सांभाळणारे. मला कळंबला नेण्याचे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिलेले नाही. मी आत असतो तेव्हा ते बाहेर झाडाखाली उभे राहून जीपच्या नव्या आवाजांची चिकित्सा करतात.

आमचा चिंतामणी खाली विराजमान आहे. त्याच्याकडे चढून नव्हे, उतरून जावे लागते. आम्ही पायऱ्या उतरू लागलो. मुलीच्या हातात मोदकांचा डबा, जावईबापूंच्या खांद्यावर उपरणे. थोड्या पायऱ्या उतरलो असू, तोच जावईबापूंचा फोन वाजला. फुलसावंगीहून होता. त्यांचे एक चुलत काका वारले होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणानंतर त्या काकांशी यांची बोलचालसुद्धा नव्हती.

जावईबापू होते त्या पायरीवरून मागे वळले आणि वर आले. "मामाजी, सुतक आलं," ते म्हणाले. "आम्हा दोघांनाही. तुम्ही जा खाली."

रांगेतला एक अनोळखी माणूस कळवळून म्हणाला, "साहेब, एवढी तयारी झाली. फोन आलाच नाही असं समजा ना! अभिषेक उरकून घ्या, मग ऐका."

"असं कसं?" जावईबापू म्हणाले. "कळलं ते कळलं."

आणि माझा संयम सुटला. देवाच्या दारात, चारचौघांत, जावयावर आवाज चढवण्याची वेळ माझ्यावर आली.

"मग त्या ठेकेदाराचे सुतक कोण पाळणार?" मी ओरडलो. "या काकांचे तुम्ही तोंडही पाहत नव्हता. त्यांच्या जाण्यात तुमचा काही अपराध नाही. फोन तुमच्या कानात आला, आम्हाला कोणाला ऐकूही आला नाही. येथे अर्ज नाही, रकाना नाही, मोठे साहेब नाहीत. तरी पायरीवरून मागे फिरलात आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलेत! एवढे ज्याला न शिकवता येते त्याला ते दुसरे का येत नाही?"

माणसे वळून पाहू लागली. "बाबा, हळू," मुलगी म्हणाली. वरून मिस्त्री धावत आले. "गुरुजी, काहून ओरडून राह्यले? तुमचा गणपती खाली हाय, पण त्याले ऐकू येते."

मी एकटाच खाली गेलो. अभिषेक माझ्या हातून झाला. मन मात्र लागेना. मंत्र ओठांवर होता आणि डोक्यात एक अगदी साधा मराठी वाक्प्रचार घोळू लागला होता. आपण म्हणतो, 'मला त्याचे सोयरसुतक नाही.' म्हणजे जन्माचे सोयर नाही, मृत्यूचे सुतक नाही, ते माणूस माझे कोणी लागत नाही, त्यातून मला काही मिळायचे नाही की माझे काही जायचे नाही. शासनाच्या परिपत्रकांनी पानेच्या पाने खर्चून जे विचारले आहे ते आमच्या भाषेने कधीच एका शब्दात बांधून ठेवलेले होते. पण या वाक्प्रचाराची एक गंमत अशी, की तो नेहमी नकारातच चालतो. 'सोयरसुतक आहे,' असे म्हणताना मी आजवर कोणालाही ऐकलेले नव्हते. जणू नसले तरच सांगायचे आणि असले तर गप्प राहायचे!

वर आलो तेव्हा जावईबापू कठड्यापाशी बसले होते. मी त्यांना हा शब्द सांगितला. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "सुतक लागलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही ना, मामाजी?"

"नाही. सुतक हा अपराध नव्हे. त्या काळात त्या कामाला हात लावायचा नसतो, इतकेच."

"आणि मुदत संपली की फिटतं."

"फिटते."

मुलीने मोदकांचा डबा मिस्त्रींच्या हाती दिला, कारण सुतकात गोड चालत नाही, सुतकाच्या घरचे मला चालत नाही, आणि त्या दिवशी तो खाऊ शकणारे मोकळे माणूस तेवढेच होते.

पाहणीच्या दिवसापर्यंत घरातले सुतक फिटून गेले होते. जावईबापूंनी मला निरोप पाठवला, "मामाजी, जमलं तर या." सरकारी गाडीत मी बसत नाही, हे त्यांना ठाऊक आहे; म्हणून पुन्हा मिस्त्री आणि जीप. आम्ही पोहोचलो तेव्हा मोठे साहेब रपट्याच्या मध्यावर उभे होते. ठेकेदार त्यांच्यावर छत्री धरून होता. मजूर एका बाजूला, पलीकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, काही माणसे दुसऱ्या बाजूला, आणि आपल्यासाठीच हे बांधले अशा थाटात रपट्यावर चार शेळ्या.

जावईबापू रस्त्याच्या मुरमावरच थांबले होते. जेथे सिमेंट सुरू होत होते त्याच्या अलीकडे.

"या ना, मोजायची फीत आणा," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, मी रपट्यावर येत नाही. मला सोयरसुतक आहे."

आपल्या लोकांचे संस्कार किती खोल असतात पाहा. मोठ्या साहेबांचा हात आपोआप टोपीकडे गेला. "अरेरे! कोण गेलं?" ठेकेदाराने छत्री मिटली. बसलेले मजूर उभे राहिले. पोडावरची एक म्हातारी "काय झालं व माय!" म्हणत डोक्यावरचा पदर पुढे ओढू लागली.

"कळवायचं नाही का?" मोठे साहेब सहानुभूतीने म्हणाले. "पण सरकारी कामाला सुतक लागत नाही हो. पटकन मापं घ्या आणि मग घरी जाऊन आंघोळ करा."

"गेलं कोणी नाही, साहेब," जावईबापू म्हणाले. त्यांचा आवाज इतका स्पष्ट मी त्यांच्या लग्नातही ऐकला नव्हता. "सुतक नाही, म्हणायचंच तर सोयर म्हणा. निवृत्तीनंतर यांच्याकडे नोकरीला जायचं माझं बोलणं चाललं आहे. मी नाही म्हटलेलं नाही. म्हणून यांच्या कामाला मी हात लावणार नाही. पाहणीला दुसरं कोणी पाठवा."

क्षणभर शेळ्याच काय त्या हलल्या. मोठ्या साहेबांनी आजूबाजूला नजर टाकली; हे कोणी कोणी ऐकले याचा तो अंदाज होता. सगळ्यांनीच ऐकले होते.

"असलं चेंबरमध्ये सांगायचं असतं," ते दातांत म्हणाले.

"चेंबरमध्ये सांगायला आलो होतो, साहेब."

ठेकेदार कळवळला. "साहेब, रपटा चांगला हाय हो! काहून असं करता? पाहून तर घ्या!"

"चांगला असेलही," जावईबापू म्हणाले. "पण तो चांगला आहे, हे माझ्या तोंडून कोणी खरं मानणार नाही. मीसुद्धा."

मिस्त्री माझ्या कानाशी लागले. "गुरुजी, जवायानं घाटात गिअर बदलला. आवाज झाला, पण गाडी चढली."

मला त्या वेळी आनंद झाला, हे खरे. पण ज्यांना वाटत असेल की येथे गोष्ट संपली, त्यांनी सरकारी कचेरी पाहिलेली नाही.

मोठ्या साहेबांनी सांगितले, लेखी द्या. जावईबापूंनी दिले, 'सदर ठेकेदाराशी माझे सोयरसुतक आहे, सबब मला पाहणीतून मुक्त करावे,' आणि खाली कारण स्वच्छ शब्दांत. ते पत्र परत आले. विहित नमुन्यात नाही, असा पहिला शेरा. दुसरा शेरा असा, की सुतकाच्या कारणास्तव सवलत हवी असल्यास मृत्यूचा दाखला जोडावा. मी तो शेरा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. विहित नमुना कोणता, हे विचारल्यावर उत्तर मिळाले की तो अद्याप विहित झालेला नाही.

तरीही एवढ्या लोकांसमोर बोलले गेल्यामुळे पाहणीला दुसरा अभियंता पाठवणे भाग पडले. त्याने रपटा पाहिला. एका बाजूची दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, थोडी घट्ट करून घ्या म्हणाला. बाकी काम उत्तम ठरवले.

ठेकेदार तडक माझ्याकडे आला. "रपटा तर पास झाला, गुरुजी! मंग एवढा तमाशा कायले? मले सगळ्याइच्या समोर चोर केलं!"

"चोर कोणी म्हटले नाही. उलट आता तुझा रपटा चांगला आहे, यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही. जावईबापूंनी पास केला असता तर पहिल्याच पुरात लोकांनी रपट्याकडे न पाहता त्यांच्या खुर्चीकडे पाहिले असते."

 तो म्हणाला, "तुमचं शाळेपासून असंच हाय. उत्तर बरोबर आलं तरी म्हणता, रीत लिही."



जावईबापू निवृत्त झाले. बोलणे तेथेच राहिले होते, पण तुटलेही नव्हते. म्हणून त्यांनी शासनाकडे रीतसर परवानगी मागितली. उत्तर आले नाही. स्मरणपत्र पाठवले. त्याचेही उत्तर आले नाही. दरम्यान मोठे साहेबही निवृत्त झाले आणि लवकरच त्याच ठेकेदाराच्या कचेरीत, त्याच सल्लागाराच्या खुर्चीत बसलेले दिसू लागले. त्यांनी कोणाला विचारले हे मला ठाऊक नाही. सांगितल्याचे ऐकिवात नाही. मुलीने मला हे फोनवर सांगितले आणि शेवटी विचारले, "आता बोला, बाबा. काय मिळवलं यांनी?" मागे डब्यांचा आवाज येत होता. मला वाटते, हळदीचा शोध चालू होता.

तिला तेव्हा जे सांगता आले नाही ते येथे लिहितो. रपट्यापलीकडच्या पोडावरची माणसे त्या पावसाळ्यानंतर जावईबापूंकडे आली. शाळेच्या नव्या खोलीचे छत घातले जात होते. ते पाहून द्या म्हणाली. जावईबापूंनी विचारले, "मीच का? आता मी साहेब नाही." त्यांच्यातला एक जण म्हणाला, "तुमचं काही असलं तर तुम्ही सांगून टाकता ना. म्हणून." तेव्हापासून आसपासच्या गावांतूनही बोलावणी येतात. मानधन नाही, गाडी नाही, जाताना पहिले वाक्य मात्र ते ठरलेले बोलतात, "या बांधणाऱ्याशी माझं सोयरसुतक नाही." लोक ते ऐकून घेतात आणि मगच शिडी लावतात. ते वाक्य नकारात बोलण्याचा अधिकार त्यांनी एकदा होकारात बोलून मिळवलेला आहे. मुलगी म्हणते, निदान सकाळी तरी घराबाहेर असतात.

गेल्या आठवड्यात शासनाचे उत्तर आले. 'आपण नमूद केलेली मुदत आता संपुष्टात आली असल्याने परवानगीची आवश्यकता उरलेली नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' जावईबापू ते घेऊन आज कळंबला आले होते. पायऱ्यांपाशी माझ्या हाती देऊन म्हणाले, "फिटलं, मामाजी." मी काही बोलणार होतो, शासनाविषयी, नमुन्याविषयी, त्या दाखल्याविषयी, पण त्यांनी माझा दंड धरला होता आणि पायऱ्या ओल्या होत्या. आम्ही खाली उतरलो. मोदक या खेपेस सर्वांनी खाल्ले.

परतताना मी मिस्त्रींजवळ नारळांची तक्रार केली. पाहणीच्या दिवशी दूर उभ्या असलेल्यांना फक्त 'सुतक' एवढेच ऐकू गेले आणि त्यातून हे कर्मकांड उभे राहिले. एखादी पाटी लावावी, असे मी म्हणालो. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या ना, गुरुजी. नारळासाठी का होईना, गाडी थांबते. रपट्यावर गाडी हळूच पायजे." मी यावर अजून विचार करतो आहे.

वाचक हो, चिंतामणी आपल्या चिंता हरण करो. आपल्या घरी जन्माचे सोयर यथाकाळ येवो, सुतकाचे निरोप उशिरा येवोत, आणि जे नाते जडेल ते चारचौघांत उभे राहून मोठ्याने सांगता येईल असेच जडो. आपल्या गावच्या रपट्याखालून पाणी सुखरूप वाहो, त्यावरून जाणारी लेकरे सुखरूप घरी येवोत, आणि आपल्या गृहिणीला फोडणीच्या वेळी हळद जागच्या जागी सापडो. शुभं भवतु.